काकांच्या गाळ्याच्या पट्टीत दुष्काळ कुठून आला?

आजचा भाग घरपट्टीवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. घराच्या घरपट्टीवर नाही, दुकानाच्या घरपट्टीवर. आणि त्यात पेशवे आहेत, इंग्लंडची राणी आहे, १९७२चा दुष्काळ आहे, आणि शेवटी तुमच्या-माझ्या सॅलरी स्लिपमधले दोनशे रुपयेसुद्धा आहेत.

कात्रजला आमच्या काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गाळा स्वतःचा. मिळकत कराचं बिल आलं की त्याचा फोटो माझ्या व्हॉट्सअॅपवर येतो, कारण ऑनलाइन भरायचं खातं घरात माझ्याकडे आहे. यंदा फोटोखाली एक प्रश्न पण आला. "अरे, हे रोजगार हमी काय आहे? मी दोन पोरं ठेवलीत, त्यांचा पगार मीच देतो. मग ही हमी कोणाची?"

मी आधी आमच्या घराचं बिल काढून बघितलं. तीच महापालिका, तसाच तक्ता. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक, वृक्ष कर, शिक्षण कर सगळं दोन्हीकडे आहे. पण रोजगार हमीच्या ओळीपुढे घराच्या बिलात काहीच नाही. काकांच्या बिलात आकडा आहे. म्हणजे हा कर फक्त धंद्याच्या जागेवर लागतो. का, ते शोधायला मी बसलो आणि दोन वीकेंड गेले.

आधी हे बिल तयार कसं होतं ते बघू, कारण बऱ्याच दुकानदारांना वाटतं की महापालिका आपल्या गल्ल्याकडे बघून कर लावते. तसं नाही. तुम्ही दिवसाला पाचशेचा माल विका नाहीतर पाच लाखांचा, मिळकत कराला त्याचं काही देणंघेणं नाही. हा कर भिंतींवर असतो. महापालिका विचारते, ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला साधारण किती भाडं यावं? समजा महिन्याला दहा हजार धरले. वर्षाचे एक लाख वीस हजार. त्यातून दुरुस्तीचे म्हणून दहा टक्के वजा. उरले एक लाख आठ हजार. याला म्हणतात करपात्र मूल्य, आणि बिलातली प्रत्येक ओळ ही त्याची टक्केवारी. काकांनी तो गाळा कधीच भाड्याने दिलेला नाही. तरी कर मात्र त्या कधीच न आलेल्या भाड्यावर.

ही आयडिया आपली नाही. इंग्लंडमध्ये १६०१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, गरिबांसाठीचा एक कायदा झाला. प्रत्येक गावाने आपल्या गरिबांना सांभाळायचं, धडधाकट असतील त्यांना काम द्यायचं, आणि त्यासाठीचा पैसा गावातल्या घर-जमिनीवर कर बसवून उभा करायचा. आता कर ठरवायचा कसा, यावर दोनशे वर्षं भांडणं झाली. १८३६च्या कायद्याने ठरवलं की जागा वर्षाच्या बोलीने दिली तर जे भाडं वाजवीपणे अपेक्षित आहे, त्यातून दुरुस्ती वगैरे वजा करून जे उरेल त्यावर कर. हेच वाक्य थोड्याफार फरकाने १८८८च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात आलं, तिथून १९४९च्या प्रांतिक महापालिका कायद्यात आलं, आणि १९५० साली पुण्याची महापालिका झाली ती याच कायद्याखाली. आम्ही प्रोग्रामर लोक ज्याला लेगसी कोड म्हणतो ना, तेच हे. कोणी लिहिलं माहीत नाही, हात लावायची कोणाची हिंमत नाही, आणि चालतंय म्हणून चालू आहे. मुंबईने २०१० साली हे सोडून जागेच्या भांडवली किमतीवर कर लावायला सुरुवात केली. पुणे अजून भाड्यावरच आहे.

यातून एक गंमत होते. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली होती. पुढे सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कायद्याने जे भाडं घेता येत नाही, ते कर लावताना गृहीत धरता येणार नाही. म्हणून पेठेतल्या जुन्या पागडीच्या दुकानाचा कर बघा आणि कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या नव्या गाळ्याचा बघा. गिऱ्हाईक कुठे जास्त येतं ते सांगायला नको. कर कुठे जास्त आहे, तेही सांगायला नको.

आता थोडं मागे जाऊ. इंग्रज यायच्या आधी दुकानदार कर भरत नव्हते का? भरत होते. त्याचं नाव मोहतर्फा. विणकराच्या मागावर, तेल्याच्या घाण्यावर, वाण्याच्या दुकानावर, म्हणजे ज्याच्या त्याच्या कसबावर बसवलेली पट्टी. हा कर भिंतीवर नव्हता, माणसावर आणि त्याच्या धंद्यावर होता. कंपनी सरकारने पेशवाई घेतली तेव्हा मोहतर्फाही घेतला आणि पंचवीसेक वर्षं वसूल केला. मग १८४४च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातला मोहतर्फा, बलुत्यांवरचे कर, शहरात येणाऱ्या मालावरचे कर, सगळे एका फटक्यात रद्द केले.

वाचायला छान वाटतं, पण शहर चालवायला पैसा तर लागतोच. १८५७च्या सुमारास पुण्याला नगरपालिका आली आणि तिच्या मागोमाग जकात परत आली, घरपट्टी आली, पाणीपट्टी आली. मोहतर्फा गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्या नावांनी पट्ट्या बसल्या. हा पैसा कशावर उधळायचा यावर पुण्याच्या नगरपालिकेत झालेला एक वाद प्रसिद्ध आहे. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचे होते, त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचं ठरलं. सभासद जोतीराव फुल्यांनी एकट्याने विरोध केला, म्हणाले हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. फुले स्वतः कंत्राटदार होते हे आपण विसरतो. कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या कामाशी त्यांच्या कंपनीचं नाव जोडलं जातं. म्हणजे हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः धंदा करणारा होता.

जकात मात्र दीडशे वर्षं टिकली. शहराच्या वेशीवर नाके, ट्रकच्या रांगा, पावत्या. दुकानदारासाठी जकात हा मोठा कर आणि घरपट्टी हा छोटा. १ एप्रिल २०१३ला पुण्यातली जकात गेली आणि एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, मला आठवतंय, तेव्हा मी शाळेत होतो आणि काका चार दिवस घरी होते. ऑगस्ट २०१५मध्ये पन्नास कोटींच्या खालच्या उलाढालीला एलबीटी माफ झाला, आणि १ जुलै २०१७ला जीएसटीने उरलासुरलाही घालवला. बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरवर्षी आठ टक्के वाढ धरून भरपाई देतं.

याचा परिणाम काय झाला बघा. महापालिकेच्या स्वतःच्या हातात, स्वतः दर ठरवून स्वतः वसूल करायचा असा मोठा कर एकच उरला, तो म्हणजे मिळकत कर. माल दुसऱ्या रस्त्याने नेता येतो, बिल दुसऱ्या नावाने फाडता येतं. गाळा उचलून सासवडला नेता येत नाही. म्हणून सगळा जोर त्याच्यावर. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, आणि बड्या थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायची पुणे महापालिकेची पद्धत तर तुम्ही बातम्यांत पाहिलीच असेल.

बरं, आता काकांच्या प्रश्नाकडे.

१९७० ते ७३ महाराष्ट्रात पाऊस नीट झालाच नाही. १९७२ सगळ्यात वाईट. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विचारा, ते अजून लाल मिलोच्या भाकरीबद्दल आणि सुकडीबद्दल बोलतात. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. लाखो माणसं त्यावर जगली.

पण ही कल्पना दुष्काळात अचानक सुचलेली नव्हती. वि. स. पागे नावाचे एक गांधीवादी गृहस्थ होते, विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातले. १९६५ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून तासगाव भागात एक प्रयोग झाला होता. जो हाताला काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, दयेने नाही, हक्क म्हणून. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. दुष्काळ आला आणि हा छोटा प्रयोग अख्ख्या राज्याची योजना झाला. त्याचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देणं सरकारवर कायद्याने बंधनकारक. २००५ साली देशाने केलेल्या रोजगार हमी कायद्याच्या मागे हाच महाराष्ट्राचा अनुभव होता.

प्रश्न होता पैसा कुठून आणायचा. आणि इथे त्या वेळच्या सरकारने एक गोष्ट केली जी आज कोणी करेल असं मला वाटत नाही. त्यांनी सरळ सांगितलं, ग्रामीण भागातल्या माणसाला काम द्यायचंय, तर ज्यांचं बरं चाललंय त्यांनी, त्यात मुख्यतः शहराने, पैसे द्यायचे. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पगार घेणारा, वकील, डॉक्टर, व्यापारी, सगळ्यांवर. तुमच्या सॅलरी स्लिपमध्ये पीटी म्हणून दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीला तीनशे कापले जातात ना, वर्षाचे अडीच हजार, तोच हा. विक्रीकरावर, मोटार वाहन करावर अधिभार बसला, बागायती जमिनीवर बसला. आणि १९६२चा जो शिक्षण उपकराचा कायदा होता, त्यात रोजगार हमीचा उपकर जोडला गेला, शहरांतल्या अनिवासी जागांवर. घर सोडलं, दुकान धरलं.

म्हणजे काकांच्या गाळ्यावरची ती ओळ आणि माझ्या स्लिपमधला पीटी ही सख्खी भावंडं आहेत. दोन्ही एका दुष्काळाची लेकरं. महापालिका हा पैसा स्वतःसाठी ठेवत नाही, गोळा करून राज्य सरकारकडे भरते. शिक्षण कराची सरकारी ओळही तशीच. बिलावर नाव महापालिकेचं असलं तरी त्या बिलातला एक भाग मुंबईला जातो, हे किती दुकानदारांना माहीत आहे?

मी हे काकांना फोनवर सांगितलं. ते जरा गप्प राहिले. म्हणाले, "माझी आई गेली होती खडी फोडायला. बार्शीकडे." आमच्या घरात हे कधी कोणी बोललेलं नव्हतं.

आणि १९७२ला सगळे गावातच थांबले असंही नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कितीतरी बायकांची कुटुंबं त्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली. १९९३ साली त्यांची संघटना झाली आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. आज दुकानांच्या दारातून कचरा नेणाऱ्यांपैकी अनेकींचा पुण्याशी संबंध तिथून सुरू होतो.

आता माझं मत. मला हा कर चुकीचा वाटत नाही. १६०१ला इंग्लंडमध्ये जे केलं, घर-जमिनीवर कर बसवून गरिबाच्या हाताला काम, तेच आपण पावणेचारशे वर्षांनी केलं, आणि जास्त सन्मानाने केलं. मला खटकतं ते वेगळंच. नव्वदच्या दशकापासून रोहयोच्या कामावर येणाऱ्यांची संख्या खाली आली, पुढे केंद्राचा पैसा यायला लागला, तरी बिलातली ओळ तशीच. देणाऱ्याला कोणी सांगत नाही की ती का आहे. पन्नास वर्षांत त्या ओळीशेजारी एक कॉमेंटसुद्धा कोणी लिहिली नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचते, कारण त्यात मी स्वतः आहे. राज्याच्या २०१५च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात आयटी कंपन्यांना मालमत्ता कर निवासी दराने लावायची सवलत आहे. नोकऱ्या याव्यात म्हणून. नोकऱ्या आल्या, त्यातली एक माझी आहे, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करू? पण हिशोब मांडून बघा. ज्या काचेच्या इमारतीत मी एसीत बसतो, तिला धोरणाने कर भरण्यापुरतं घर मानलं. काकांचं पत्र्याच्या शटरचं दुकान मात्र व्यापारी दराने. खऱ्या घरांना, म्हणजे ज्यात मालक स्वतः राहतो त्यांना, पुण्यात १९७० पासून चाळीस टक्के सवलत आहे. मधे राज्य सरकारने ती काढायचा प्रयत्न केला, २०२३ला आरडाओरड होऊन परत आली. ज्या दुकानात मालक स्वतः बारा तास बसतो, त्याला अशी सवलत कधीच नव्हती आणि त्यासाठी कोणी आरडाओरडही केली नाही.

कारण उघड आहे. घरात मतं असतात, दुकानात नसतात. स्वातंत्र्याच्या आधी नगरपालिकेत मत द्यायला मालमत्ता किंवा कर भरल्याची अट होती, ती गेली हे चांगलंच झालं. इंग्लंडमध्येही धंद्याच्या जागेवर मिळणारं मत १९६९ला बंद झालं, एक लंडनचा जुना व्यापारी भाग सोडून. मी काही ते परत आणा म्हणत नाही. पण काका राहायला धनकवडीला आणि दुकान कात्रजला. ज्या प्रभागात ते जास्त कर भरतात, तिथल्या नगरसेवकाला त्यांच्या मताची गरजच नाही.

कात्रजचंच बघा. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि जमिनीखालून दगड-विटांच्या नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं. पाणी आमचं, शहर त्यांचं. ते शहर आमच्यापर्यंत यायला जवळपास अडीचशे वर्षं लागली. १९९७ला आसपासच्या अनेक गावांसोबत कात्रज महापालिकेत आलं. ग्रामपंचायतीची घरपट्टी संपली आणि महापालिकेचा मिळकत कर सुरू झाला. नव्याने आलेल्या गावांत तो टप्प्याटप्प्याने, दरवर्षी वीस टक्के असा चढवत नेतात, म्हणजे पाच वर्षांत पूर्ण दर. तेव्हाच्या गावांतली काही नंतर बाहेरही पडली, कात्रज आत राहिलं. मग २०१७ला आंबेगाव, २०२१ला मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी आत आली. आता घाटाच्या पायथ्याचा टपरीवालासुद्धा पुणेकर.

पूर्वेकडे मात्र उलटं घडलं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं २०१७च्याच खेपेत महापालिकेत आली. सासवड रस्त्यावरची कापडाची मोठाली दालनं, गोदामं यांना महापालिकेचा कर लागला. तक्रार अशी की कर ग्रामपंचायतीच्या कितीतरी पट, आणि पाणी टँकरचं. वर पुण्याचा कचरा डेपो अनेक वर्षं उरुळीच्याच उरावर. डिसेंबर २०२२ला सरकारने ही गावं बाहेर काढायचं जाहीर केलं आणि २०२४ला त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कराच्या भांडणातून गावांनी शहर सोडलं, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. तिथे व्यापाऱ्यांच्या मागे दोन अख्खी गावं उभी होती, म्हणून झालं. एकट्या दुकानदाराला कर जास्त वाटला तर तो मुदतीत लेखी हरकत घेऊ शकतो, सुनावणीला जाऊ शकतो, आणि तिथे नाही जमलं तर कोर्टात अपील करू शकतो. फक्त अपिलाआधी वादातली रक्कम भरावी लागते. आधी पैसे, मग न्याय.

काकांनी पैसे भरले, पहिल्या सहामाहीचे नाही, अख्ख्या वर्षाचे, कारण लवकर भरलं की सवलत मिळते. पावतीची पीडीएफ मी त्यांना पाठवली.

पुढचा भाग जकात नाक्यांवर करतोय. तुमच्या घरात कोणी नाक्यावर नोकरी केली असेल, किंवा तिथे ट्रक घेऊन रात्र काढली असेल, तर त्यांच्याकडून एक व्हॉइस नोट मिळवा आणि पाठवा. दोन मिनिटांची चालेल.